पंचवीस दिवसांची सुट्टी

माहीनच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्यातले तेरा महिने ती नवऱ्यासोबत राहिली होती. निकाहनंतरचे तीन महिने आणि पुढच्या पाच सुट्ट्या, प्रत्येकी दोन महिन्यांच्या. मुसअब कुवेतला एका कंपनीत स्टोअरकीपर होता. दोन वर्षं राबायचं आणि दोन महिने घरी यायचं, असा करार. बायकोला तिकडे न्यायचं तर पगार अमुक इतका लागतो, आणि मुसअबचा पगार त्या आकड्याच्या खालीच घोटाळत राहिला.

यात नवल असं काही नव्हतं. रेवसच्या धक्क्यापासून रिक्षाने पंधरा मिनिटांवरच्या त्या मोहल्ल्यात निम्म्या घरांतले पुरुष असेच पाहुण्यासारखे येऊन जात. पण बाकीच्या बायकांची शरीरं शहाणी. नवरा दोन महिने राहून गेला की पुढच्या सुट्टीला त्याला घ्यायला एक मूल चालत जायचं आणि अनोळखी बापाला बघून आईच्या ओढणीत तोंड लपवायचं. माहीनकडे हे कधी घडलं नाही. तिची पाळी चार महिन्यांनी येई, कधी सात महिन्यांनी, आणि एकदा तर वर्ष उलटलं तरी आली नव्हती.

अलिबागच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून पीसीओएस असं नाव सांगितलं. नाव चार अक्षरांचं आणि ताप घरभर. हनुवटीवर राठ केस यायचे, ते ती दर चार दिवसांनी आरशासमोर बसून दोऱ्याने काढायची. एखाद्या लग्नाला जायचं तर आदल्या दिवशी पुन्हा. मानेची घडी काळी पडली होती. वजन वाढलं होतं, आणि वाढलेलं पोट बघून कुणीतरी नव्याने गावात आलेली बाई हमखास विचारायची, “कितवा महिना?” माहीन हसून म्हणायची, “तेत्तीस वर्षांचा.” बाई ओशाळायची, बाकीच्या हसायच्या. घरी आल्यावर मात्र ती बुरखा काढून बराच वेळ पलंगावर नुसती बसून राहायची.

डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. माहीनने भात सोडला. कोकणातल्या घरात भात सोडणं म्हणजे काय, ते सोडणाऱ्यालाच माहीत. रोज सकाळी खाडीच्या बांधावरून चार किलोमीटर चालली. नऊ किलो उतरलं, त्यातलं पाच परत आलं. मग बीज पिकायच्या गोळ्या सुरू झाल्या. पण त्या गोळ्यांची रीत अशी की एका महिन्यात डोस लागू पडला नाही तर पुढच्या महिन्यात वाढवायचा, तोही लागला नाही तर आणखी वाढवायचा, आणि या सगळ्या महिन्यांत नवरा घरात हवा. डॉक्टरांना महिने हवे होते आणि मुसअबजवळ दोनच असायचे. दोन सुट्ट्या अशा गेल्या. दुसऱ्या वेळी तर डोस बरोबर बसतोय असं वाटेपर्यंत मुसअबची बॅग भरायची वेळ आली.

गेल्या पावसाळ्यानंतर ती सासूला घेऊन रेवसहून लाँचने मुंबईला गेली. भाऊच्या धक्क्यावर उतरून टॅक्सीने एका मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे. सासू महेरुन्निसा, म्हणजे घरातली अम्मी, आयुष्यात तिसऱ्यांदाच मुंबईला जात होती. पण सुनेला एकटीला पाठवायची नाही म्हणून गुडघे धरत निघाली.

डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि कागदावर दोन अंडी काढून दाखवली. “हे तुमचे बीजकोश. यात बारीक बारीक बिया गच्च भरल्यात, पण एकही पिकून बाहेर पडत नाही. पोटाला तीन छोटी भोकं करून दुर्बीण आत घालायची, आणि बीजकोशाला चार-पाच ठिकाणी सुईने डाग द्यायचे. बऱ्याच जणींची पाळी त्याने आपोआप सुरू होते.”

“डाग?” अम्मी म्हणाली. “हाय तेवढं पण जाळून टाकाल.”

बाई हसल्या नाहीत, हे माहीनला आवडलं. “भीती बरोबर आहे तुमची,” त्या म्हणाल्या. “जास्त डाग दिले तर नुकसान होतं, कधी आत चिकटतं. म्हणून आम्ही आधी गोळ्यांनीच बघतो. पण यांचे पती घरी नसतात, महिनोन्‌महिने गोळ्या देऊन बघणं जमत नाही. ऑपरेशनचा गुण आला तर दीड-दोन महिन्यांत कळतं. निम्म्या बायकांना येतो. आणि आलेला गुण कायमचा नसतो. कुणाला सहा महिने, कुणाला वर्ष, एखादीला जास्त.”

परतताना लाँचच्या वरच्या फळीवर दोघी बसल्या होत्या. अम्मी तसबीहचे मणी ओढत होती. उरणची बाजू मागे पडली तेव्हा तिने विचारलं, “तुजं मन काय सांगतं, बाय?”

“मन काय सांगणार, अम्मी. निम्म्या बायकांत मी असंन की नसंन, तेवढंच येतंय डोक्यात.”

दोन महिने ती या पारड्यातून त्या पारड्यात जात राहिली. एके दिवशी वाटे, करून टाकावं. दुसऱ्या दिवशी वाटे, आत आहे ते निदान आहे तसं राहू दे, आज ना उद्या एखादी बी शहाणी होईल. मुसअबला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “भीती वाटत असंल तर नको करू. पोर नसलं तं नसलं. मी कधी बोललोय का तुला?” तो खरंच कधी बोलला नव्हता. तरी माहीनला त्या वाक्याचा असा राग आला की तिने दोन दिवस फोन घेतला नाही. तिकडे कॅम्पात दहा पुरुषांच्या खोलीत बसून ‘नसलं तं नसलं’ म्हणणं सोपं होतं. इकडे बारशाला बोलावणं आलं की पाळण्याजवळ कुठे उभं राहायचं हे तिला ठरवावं लागे.

शेवटी तिने ठरवलं ते कॅलेंडर बघून. मुसअबची सुट्टी ईदनंतर होती, एप्रिलपासून दोन महिने. जानेवारीच्या सुरुवातीला ऑपरेशन केलं तर मार्चपर्यंत गुण कळणार, आणि तो येईल तेव्हा शरीर तयार. डॉक्टरीणबाईंनाही हे पटलं. माहीनच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिचं पोट आणि कुवेतच्या कंपनीचं वेळापत्रक एका रेषेत येत होतं.

एक गोष्ट मात्र अम्मीने आधीच बजावली. “मोहल्ल्यात कुणाला सांगायचं न्हाय. गुण न्हाय आला तं बोलतील, पोट फाडून पण काय झालं न्हाय. पित्ताचे खडे काढले म्हणून सांगू.” पित्ताच्या खड्यांनाही दुर्बीण आणि तीनच भोकं, त्यामुळे थाप बेमालूम बसली. घरात खरं फक्त दोघींना माहीत होतं, आणि तिकडे मुसअबला. नणंद अक्सालाही नाही. अक्सा एकवीस वर्षांची, कॉलेज करत होती. तिच्या पोटात काही राहत नाही असं अम्मीचं मत होतं, आणि ते खरं होतं.

ऑपरेशन नीट झालं. बेंबीजवळचे टाके सुकायच्या आत, आठव्या दिवशी, म्हसळ्याहून निरोप आला.

अक्साचं लग्न म्हसळ्याच्या झियानशी ठरून वर्ष झालं होतं. झियान दोह्याला होता. त्याला अचानक महिनाभराची सुट्टी मिळाली होती, वीस जानेवारीपासून. पुढची कधी मिळेल ते त्याला माहीत नव्हतं. मुलाकडच्यांचं म्हणणं, रमजानच्या आत, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निकाह उरकून घेऊ.

त्या संध्याकाळी अहमद चाचा येऊन बसले. अक्साचे अब्बा जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा घरचा मोठा म्हणजे त्यांचा हा धाकटा भाऊ. माहीन चहा घेऊन आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. बसलं की टाके ओढत.

“अब्बा नसला की निकाहात मुलगी देणारा वली म्हणजे भाऊ,” चाचा म्हणाले. “मुसअबला आता बोलवावं लागंल. छुट्टी अलीकडे ओढता येते का, विचारा.”

मुसअबने दुपारीच विचारलं होतं, अक्साने सांगितलं. कंपनी म्हणत होती, आत्ता जायचं तर जा, पण पंचवीस दिवस. आणि ही घेतलेली सुट्टी हीच तुझी सुट्टी. एप्रिलमध्ये वेगळी मिळणार नाही.

हे ऐकलं आणि माहीनच्या हातातला ट्रे जड झाला. तिने अम्मीकडे पाहिलं. अम्मी जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात अहमद चाचांनीच वाट काढली. बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं, तरी त्यांनी काढली. “न्हायतर असं करू. मुसअबने फोनवर मला वकील करावं. इजाजत दिली की मी वलीच्या जागी बसतो. तसं चालतं, काझीसाहेबांना विचारलंय मी. मग त्याने आपला एप्रिलात यावं आरामात.”

इतकं सोपं होतं. माहीनला फक्त गप्प बसायचं होतं. पण अक्साने भिंतीला टेकल्या टेकल्या रडायला सुरुवात केली. मोठ्याने नाही, नाकाने आवाज करत, लहानपणी करायची तसं. “अब्बा न्हाय. आता भाईजान पण फोनवर. माझ्या निकाहाला माझं माणूस कोन?”

ही अक्सा दहा वर्षांची असताना माहीन या घरात आली होती. तिच्या केसांतल्या उवा माहीनने काढल्या होत्या, तिला पहिली पाळी आली तेव्हा रडत ती अम्मीकडे न जाता माहीनकडे आली होती. माहीनला वाटलं, आता अम्मी बोलेल. आपण सून, आपल्या तोंडून ते बरं दिसणार नाही. अम्मी काहीतरी सबब काढेल, म्हणेल की चाचाच बसू देत. अम्मीला वाटत होतं की माहीन बोलेल, कारण पोट तिचं आणि हक्क तिचा. दोघी एकमेकींची वाट बघत राहिल्या. चाचा आणि अक्सा दोघंही माहीनकडे बघायला लागले. खरं कारण सांगितलं तर पित्ताचे खडे उघडे पडत होते, आणि कारण न सांगता ‘नको’ म्हणणं म्हणजे नणंदेच्या लग्नात आडवं येणं.

“येतील ते,” माहीन म्हणाली. “बहिणीच्या निकाहाला भाऊ न्हाय आला तं कधी येणार?”

अक्सा उठून तिच्या गळ्यात पडली, नेमकी टाक्यांवर.

मुसअब बावीस तारखेला आला. डॉक्टरीणबाईंना माहीनने फोन केला होता. त्या म्हणाल्या, “अगदी लवकर आहे. पण अशक्य नाही, बघा.” एवढ्या ‘बघा’वर माहीनने पंचवीस दिवस काढले. पहिला आठवडा लग्नात गेला. घरात शंभर माणसं, आणि मुसअब कधी मंडपवाल्याकडे, कधी म्हसळ्याला. मुलाकडचा वलीमा, दावत, पाहुणे. बिर्याणीच्या पंगतीत शेजारच्या जैतून खालाने माहीनच्या पुढ्यातली बशी उचलून नेली. “पित्ताचा खडा काढलाय ना गो तुजा? मटन खातंस? मरशील.” आणि तिच्यासाठी खास वरणभात आणून ठेवला. ज्या भातासाठी माहीन दोन वर्षं तळमळली तो असा मिळाला. घरच्या लग्नात ती वरणभात खात बसली होती आणि समोर मुसअब हसू दाबत होता. तिलाही हसू आलं. त्या पंचवीस दिवसांतला तो एक क्षण बरा गेला.

लग्नानंतर दोघं दोनदा किहीमच्या किनाऱ्यावर जाऊन बसली. मुसअबच्या कानशिलाला पांढरे केस आले होते. तो फारसा बोलणारा नव्हता, तरी एकदा म्हणाला, “मला तिकडं लोक इचारतात, पोरं किती. मी सांगतो, दोन. एक मुलगा, एक मुलगी.” माहीनने त्याच्याकडे पाहिलं. ‘नसलं तं नसलं’ म्हणणारा हाच माणूस. तिचा सगळा राग तिथेच संपला, आणि राग गेल्यावर जे उरलं ते रागापेक्षा सोसायला कठीण होतं.

निघायच्या दिवशी, सोळा फेब्रुवारीला, बॅगेची चेन लावताना त्याने विचारलं, “काही?”

“अजून न्हाय,” ती म्हणाली.

तीन दिवसांनी रमजान लागला.

आता रमजानात मोहल्ल्यात एक गोष्ट सगळ्यांना कळते आणि कुणी बोलत नाही. बाईला पाळी आली की तिचे तेवढ्या दिवसांचे रोजे सुटतात. ते तिने पुढे वर्षभरात भरून द्यायचे. त्या दिवसांत ती दुपारी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, दाराआड, चार घास खाऊन घेते. घरातला पुरुष आत आला तर खाकरून येतो. प्रत्येक बाईचे पाच-सहा रोजे असे जातात. माहीनचे मात्र वर्षानुवर्षं तीसच्या तीस पुरे होत. जैतून खाला दरवर्षी कौतुक करायची, “माहीनवर अल्लाची मेहेर हाय, हिचा एक रोजा खाली जात न्हाय.” खाला भोळेपणाने बोलायची. माहीनला ते कौतुक भर बाजारात कुणी सोनोग्राफीचा कागद मोठ्याने वाचावा तसं लागायचं.

यंदा सोळाव्या रोज्याच्या सकाळी, सहरीचं पहाटेचं खाणं होऊन दिवस वर आल्यावर, माहीनच्या पोटात कळ आली. ती न्हाणीत गेली आणि तिथेच भिंतीला हात टेकून उभी राहिली. गोळी नाही, इंजेक्शन नाही. आपोआप. ऑपरेशन लागू पडलं होतं. ती निम्म्या बायकांतली निघाली होती, आणि क्षणभर तिला इतका आनंद झाला की तिने नळ मोठा सोडून हसून घेतलं.

मग तिने मोजलं. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं: पाळी आली की मागे चौदा दिवस जायचं, त्या सुमाराला बी सुटलेली असते. ती मागे गेली. एकवीस, वीस फेब्रुवारी. मुसअबला जाऊन चार दिवस झाले होते.

दुपारी ती स्वयंपाकघरात पाटावर बसली. ताटलीत रात्रीचा भात आणि कोलंबीचं कालवण. दोन घास गेले असतील, तोच अम्मी इफ्तारीसाठी भिजवलेले चणे बघायला आत आली. ताटली बघून थबकली. बघत राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला की माहीनला कळायला वेळ लागला नाही. पोटुशी बाईलाही रोजा माफ असतो. मुसअब जाऊन अडीच आठवडे झाले होते. ज्या सुनेचा अकरा वर्षांत एक रोजा सुटला नव्हता, ती भर दुपारी जेवत होती. अम्मीने दुसरं काय समजावं?

“या अल्ला,” अम्मी म्हणाली आणि गुडघ्यांची पर्वा न करता खाली बसली. तिने माहीनचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “मला बोलली पण न्हायस गो. असं शिळं नको खाऊ, थांब, अंडं घालते. मुसअबला सांगितलंस? नको, आत्ता नको सांगू, तीन महिने कुणालाच न्हाय.” अम्मी रडत होती आणि हसत होती आणि कालवणातल्या कोलंब्या वेचून माहीनच्या भातावर ठेवत होती.

माहीनला वाटलं, राहू द्यावं. इफ्तारपर्यंत तरी. या बाईला एवढे चार तास आजी होऊ द्यावं. पण अम्मीने पुन्हा तिचं तोंड हातांत धरलं.

“अम्मी,” ती म्हणाली, “पाळी आलीय.”

अम्मीला आधी समजलंच नाही.

“आपोआप आलीय. गोळीबिगर. ऑपरेशन लागू पडलं.”

अम्मीच्या तोंडून सवयीने ‘अल्हम्दुलिल्लाह’ निघालं. ती दोन वर्षं हीच दुआ मागत होती, सुनेची पाळी येऊ दे म्हणून. ती आली होती. अम्मीने हात खाली घेतले आणि पदराला पुसले. बाहेर जैतून खाला कुणाला तरी बर्फ आणायला सांगत होती.

“तो गेल्यावर किती दिवस पुढं झालं?” अम्मीने शेवटी विचारलं.

“चार.”

“त्या दिवशी अहमदला मी बोलायला पायजे होतं. तोंडावर आलेलं माझ्या.” अम्मी म्हणाली. “मला वाटलं, तू बोलशील.”

“मला वाटलं, तुमी बोलाल.”

अम्मीने मान हलवली. मग ताटली तिच्याकडे सरकवली. “जेव. अंगातलं रक्त जातंय, जेव.” आणि माहीन जेवली, कारण रोजा नसताना उपाशी राहण्यालाही काही अर्थ नव्हता.

पुढची पाळी बरोबर एकोणतिसाव्या दिवशी आली. त्याच्या पुढची अठ्ठाविसाव्या. मे महिन्यात मुसअबच्या कंपनीने कळवलं की त्याची सुट्टी आता पुढच्या वर्षाच्या अखेरीला. त्याच आठवड्यात माहीनने डॉक्टरीणबाईंना तारखा कळवायला फोन केला. बाई मनापासून खूश झाल्या. “फार छान. अशा पेशंट कमी असतात. हेच तुमचे चांगले महिने आहेत बरं का, आता अजिबात वेळ घालवू नका.”

“बरं, मॅडम,” माहीन म्हणाली.